सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज (१८६६–१८७०): पहिल्या उघड वेतनी बेसबॉल संघाचा प्रारंभीचा इतिहास

बीजसंज्ञा : बेसबॉल, व्यावसायिक क्रीडा, हौशीपणा, वेतन, करार, क्रीडा-इतिहास

प्रस्तावना

२०१९ च्या हंगामात अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या सर्व संघांनी आपल्या गणवेशावर दीडशे वर्षपूर्तीचे चिन्ह धारण केले होते. ही गणना ज्या १८६९ या वर्षापासून केली जाते, त्या वर्षी कोणत्याही लीगची स्थापना झालेली नाही. ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराच्या एका क्लबने त्या वर्षी आपल्या संघातील सर्व खेळाडू ठरावीक वेतनावर नेमले आणि ती गोष्ट लपवून ठेवली नाही, एवढेच त्या वर्षाचे वैशिष्ट्य. मात्र बेसबॉल खेळण्यासाठी पैसे घेणे ही गोष्ट १८६९ मध्ये मुळीच नवी नव्हती. त्यापूर्वी जवळजवळ दशकभर अनेक नामांकित खेळाडू या ना त्या मार्गाने मोबदला घेत होते व त्यांचे क्लब तो देत होते. मग सिनसिनाटीच्या संघाने नेमके नवे काय केले, हा प्रश्न उपस्थित होतो. लोकप्रिय इतिहासलेखनाने या संघाच्या अपराजित मालिकेला इतके महत्त्व दिले आहे की हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात या क्लबच्या अवघ्या चार-पाच वर्षांच्या आयुष्याचा मागोवा घेतला असून, वेतन उघड झाल्याने खेळाडूची प्रतिष्ठा वाढली, परंतु त्याच क्षणी तो जमाखर्चाच्या वहीतील एक बाबही झाला, या दुहेरी परिणामाकडे लक्ष वेधले आहे.

हौशीपणाचा नियम आणि त्यातील पळवाटा

१८५७ मध्ये न्यूयॉर्क परिसरातील सोळा क्लबांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन बेसबॉलचे नियम एकसारखे करण्याचा प्रयत्न केला. सामना नऊ डावांचा असावा हे याच वेळी ठरले. या मेळाव्यातून नॅशनल असोसिएशन ऑफ बेस बॉल प्लेयर्स ही संघटना उभी राहिली. तिचे सभासद प्रामुख्याने कारकून, व्यापारी, वकील, डॉक्टर अशा वर्गातील होते. खेळ हा सभ्य गृहस्थांचा विरंगुळा असून त्यासाठी पैसे घेणे हे अप्रतिष्ठेचे आहे, अशी या वर्गाची धारणा होती आणि संघटनेच्या नियमांतही मोबदल्याला मनाई करण्यात आली. ज्यांना रोजंदारी बुडवून दुपारी मैदानावर येणे परवडत नव्हते, अशांना या नियमाने आपोआपच दूर ठेवले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. आणखी एका बाबतीत ही संघटना अधिक स्पष्ट होती. १८६७ च्या डिसेंबरमध्ये तिने कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना सभासदत्व नाकारण्याचा निर्णय घेतला. मोबदल्याची बंदी पुढे वर्षभरात सैल झाली. वर्णभेदाची भिंत मात्र वेगवेगळ्या रूपांत १९४७ पर्यंत टिकून राहिली.

नियम असा असला तरी व्यवहार निराळा होता. १८६० च्या सुमारास ब्रुकलिनच्या एक्सेलसिअर क्लबचा तरुण पिचर जेम्स क्रेटन याला गुप्तपणे पैसे दिले जात असल्याची चर्चा होती. १८६२ मध्ये विल्यम कॅमायर यांनी ब्रुकलिन येथे कुंपण घातलेले मैदान उभारले आणि प्रवेशशुल्क आकारण्याचा मार्ग मोकळा झाला. प्रेक्षक पैसे देऊ लागले म्हणजे खेळाडूही वाटा मागणारच. अनेक क्लबांत प्रवेशशुल्काची रक्कम खेळाडूंमध्ये वाटली जाऊ लागली. काही ठिकाणी खेळाडूला नावापुरती नोकरी दिली जाई. न्यूयॉर्कच्या म्युच्युअल क्लबचे तेथील महापालिकेच्या राजकारणाशी व त्यातील बदनाम पुढारी ट्वीड यांच्याशी निकटचे संबंध होते, तर वॉशिंग्टनच्या नॅशनल क्लबातील अनेक खेळाडू सरकारी कोषागारात कारकून म्हणून नोंदलेले असत. त्याच क्लबकडून १८६७ मध्ये खेळलेल्या जॉर्ज राइट याच्या नावापुढे ‘कारकून’ असा व्यवसाय आणि कार्यालयाचा जो पत्ता दिला होता, त्या पत्त्यावर प्रत्यक्षात सार्वजनिक उद्यान होते, असे सांगितले जाते. आख्यायिका म्हणून ती सोडून दिली तरी त्या काळातील दांभिकतेचे यापेक्षा मार्मिक उदाहरण सापडणे कठीण.

दांभिकतेची किंमत केवळ नैतिक नव्हती. जो मोबदला अधिकृतपणे अस्तित्वातच नाही, त्यासाठी लेखी करार करता येत नाही. खेळाडू हंगामाच्या मध्यावर क्लब बदलत आणि त्यांना रोखण्याचे साधन क्लबांपाशी नसे. सट्टेबाजांचा शिरकाव सहज होई. १८६५ मध्ये म्युच्युअल क्लबच्या तीन खेळाडूंनी पैसे घेऊन सामना गमावल्याचे उघडकीस आले, ही या व्यवस्थेची अपरिहार्य निष्पत्ती होती. अखेर वास्तवापुढे मान तुकवून संघटनेने १८६९ च्या हंगामापासून खेळाडूंचा व्यावसायिक वर्ग मान्य केला.

सिनसिनाटीचा क्लब आणि क्रिकेटचा वारसा

सिनसिनाटी बेस बॉल क्लबची स्थापना १८६६ च्या उन्हाळ्यात शहरातील तरुण वकिलांनी केली. अ‍ॅरन चॅम्पियन हे वकील पुढे क्लबचे अध्यक्ष झाले. यादवी युद्धानंतरच्या त्या वर्षांत ओहायो नदीकाठचे हे व्यापारी शहर पूर्वेकडील महानगरांच्या तुलनेत आपले स्थान सिद्ध करण्यास उत्सुक होते आणि बेसबॉल हे त्याचे सोयीस्कर साधन होते. क्लब आरंभी पूर्णतः हौशी होता व १८६७ पासून तो शहरातील युनियन क्रिकेट क्लबच्या मैदानावर खेळू लागला.

क्रिकेटशी आलेला हा संबंध केवळ मैदानापुरता नव्हता. क्रिकेट क्लबने १८६५ मध्ये वर्षाला १२०० डॉलर वेतनावर हॅरी राइट यांना व्यावसायिक क्रिकेटपटू म्हणून नेमले होते. हॅरी यांचा जन्म १८३५ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथे झाला. त्यांचे वडील सॅम्युएल राइट हे न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते. म्हणजे मैदानाची देखभाल करणे, सभासदांना सराव देणे, सामने खेळणे आणि त्याबद्दल उघडपणे वेतन घेणे हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकास इंग्लंडमधील ‘जंटलमन’ आणि ‘प्लेयर’ हा भेद परिचित असेलच. १९६२ पर्यंत तो अधिकृतपणे टिकून होता. त्या भेदात अपमान होता हे खरे, परंतु एक प्रामाणिकपणाही होता: वेतन घेणारा खेळाडू वेतन घेतो हे सर्वांना ठाऊक असे. अमेरिकन बेसबॉलने समतेच्या नावाखाली हा भेद नाकारला आणि पैशाचा व्यवहार अंधारात नेला. हॅरी राइट यांनी क्रिकेटमधील हा उघडपणा बेसबॉलमध्ये आणला, असे म्हणण्यास आधार आहे. १८६७ च्या अखेरीस बेसबॉल क्लबने त्याच वेतनावर त्यांची सेवा घेतली.

त्यापूर्वी, जुलै १८६७ मध्ये, वॉशिंग्टनचा नॅशनल संघ पश्चिमेच्या दौऱ्यावर आला असता त्याने सिनसिनाटीचा ५३–१० असा पराभव केला होता. हातमोज्यांशिवाय क्षेत्ररक्षण होत असल्याने आणि पिचर केवळ पंचेचाळीस फुटांवरून, हात खालून वळवून चेंडू टाकत असल्याने त्या काळी धावा विपुल होत. तरीही हा पराभव शहराच्या जिव्हारी लागला. स्थानिक सभासदांच्या बळावर पूर्वेच्या संघांशी बरोबरी होणार नाही, हे स्पष्ट झाले. १८६८ मध्ये काही खेळाडू वेतनावर घेण्यात आले. गुडघ्यापर्यंतची विजार आणि तिच्याखाली दिसणारे लाल मोजे हा पोशाख याच वर्षी रूढ झाला आणि त्यावरून ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नाव पडले. पूर्ण लांबीच्या विजारींची सवय असलेल्या प्रेक्षकांना हा पोशाख प्रथम काहीसा अनुचित वाटला.

वेतनपत्रक

१८६९ च्या हंगामासाठी चॅम्पियन आणि राइट यांनी संपूर्ण संघ वेतनी केला. करार १५ मार्च ते १५ नोव्हेंबर असा आठ महिन्यांचा होता. प्रचलित नोंदींनुसार सर्वाधिक १४०० डॉलर हॅरी यांचा धाकटा भाऊ, शॉर्टस्टॉप जॉर्ज राइट यास मिळत. स्वतः हॅरी यांस, म्हणजे कर्णधार, व्यवस्थापक आणि मध्यक्षेत्ररक्षक या तिन्ही भूमिका सांभाळणाऱ्यास, १२०० डॉलर होते. पिचर आसा ब्रेनर्ड यास ११००, फ्रेड वॉटरमन यास १०००, तर चार्ली गूल्ड, चार्ली स्वीझी, डग अ‍ॅलिसन, अँडी लेनर्ड आणि कॅल मॅकव्हे या पाच जणांस प्रत्येकी ८०० डॉलर मिळत. बदली खेळाडू डिक हर्ली याचे वेतन ६०० डॉलर होते. एकूण बेरीज ९३०० डॉलर.

या पत्रकाइतकीच खेळाडूंच्या मूळ व्यवसायांची यादी बोलकी आहे. हॅरी जवाहिऱ्याच्या कामात वाढलेले, जॉर्ज कोरीवकाम करणारा, ब्रेनर्ड व वॉटरमन विमा व्यवसायातील, गूल्ड हिशेबनीस, स्वीझी व लेनर्ड टोप्या बनविणारे, अ‍ॅलिसन संगमरवर कापणारा, मॅकव्हे पियानो बनविणारा. ज्या क्लबची स्थापना वकिलांनी केली, त्याच्या मैदानावर तीन वर्षांच्या आत एकही वकील उरला नव्हता. दहा जणांपैकी केवळ गूल्ड हा सिनसिनाटीचा रहिवासी होता. हे वेतन बहुतेकांच्या कारागिरीतील उत्पन्नाहून निश्चितच अधिक होते. ‘आमचा’ संघ म्हणून शहर ज्याचा जयघोष करणार होते, तो संघ वस्तुतः भाडोत्री होता आणि शहराला त्यात काही विसंगत वाटले नाही. आधुनिक व्यावसायिक क्रीडेतील सर्वांत चिवट कल्पना, म्हणजे बाहेरून आणलेल्या वेतनी खेळाडूंनी शहराची अस्मिता वाहणे, ती येथे पूर्णांशाने प्रथम दिसते.

वेतनाच्या बदल्यात राइट यांनी काय मागितले, हे पाहणे आवश्यक आहे. नियमित सराव, मद्यपानावर नियंत्रण, मैदानावर पंचांशी वाद न घालणे, चेंडू कोणी झेलायचा हे ओरडून सांगणे, एक क्षेत्ररक्षक चेंडूकडे धावत असता दुसऱ्याने त्याच्या मागे आधाराला उभे राहणे. आज या बाबी प्राथमिक वाटतात, पण सायंकाळी विरंगुळ्यासाठी जमणाऱ्या सभासदांकडून त्यांची सक्तीने अपेक्षा करता येत नव्हती. ती वेतनी माणसाकडून करता येत होती. सर्वच खेळाडू आज्ञाधारक होते असे नाही. विशेषतः ब्रेनर्ड याची बेफिकिरी राइट यांना सतत जाचत असे.

१८६९ : विजय आणि जमाखर्च

मे महिन्याच्या अखेरीस संघ पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला. १५ जून रोजी ब्रुकलिन येथे त्याने म्युच्युअल संघाचा ४–२ असा पराभव केला. पन्नास-पन्नास धावा होण्याच्या त्या काळात इतक्या कमी धावांचा सामना हा क्षेत्ररक्षणाच्या अपूर्व दर्जाचा पुरावा मानला गेला. वॉशिंग्टन येथे अध्यक्ष ग्रँट यांनी खेळाडूंची भेट घेतली. १ जुलै रोजी संघ परतला तेव्हा शहराने त्याची मिरवणूक काढली आणि एका लाकूड कंपनीने खेळाडूंची नावे कोरलेली सत्तावीस फूट लांबीची बॅट भेट दिली. अमेरिकेचे अध्यक्ष होण्यापेक्षा सिनसिनाटी क्लबचे अध्यक्ष असणे आपणास अधिक आवडेल, अशा आशयाचे उद्गार चॅम्पियन यांनी त्या प्रसंगी काढल्याचे सांगतात.

ऑगस्टच्या अखेरीस ट्रॉयच्या हेमेकर्स संघाविरुद्धच्या सामन्यात गुणसंख्या १७–१७ असताना एका निर्णयावरून वाद झाला आणि पाहुणा संघ मैदान सोडून गेला. पंचांनी सामना सिनसिनाटीला बहाल केला. हेमेकर्सवर लागलेल्या मोठ्या पैजा वाचविण्यासाठीच हा वाद उकरून काढला गेला, असा संशय तेव्हाच व्यक्त झाला. काही नोंदींत हा सामना विजय म्हणून, तर काहींत बरोबरी म्हणून गणला जातो. संघटनेच्या सभासद क्लबांविरुद्ध एकूण ५७ सामन्यांत एकही पराभव झाला नाही, ही प्रसिद्ध संख्या त्यासह आहे.

सप्टेंबरमध्ये संघ कॅलिफोर्नियास गेला. अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग त्याच वर्षी १० मे रोजी पूर्ण झाला होता. पाच महिन्यांच्या आत त्याच मार्गाने एक बेसबॉल संघ सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला, ही गोष्ट क्रीडा-इतिहासाइतकीच आर्थिक इतिहासातही नोंदवण्याजोगी आहे. कारण रेल्वेशिवाय वेतनी संघाचे गणित जुळणारे नव्हते. एकाच शहरातील प्रेक्षक आठ महिने दहा माणसांना पोसू शकत नव्हते, म्हणून संघाला प्रेक्षकांकडे जावे लागले. त्या हंगामात संघाने सुमारे १२,००० मैलांचा प्रवास केला आणि सुमारे दोन लाख प्रेक्षकांनी त्याचा खेळ पाहिला, असा अंदाज दिला जातो.

आणि हंगामाअखेरचा ताळेबंद? उत्पन्न २९,७२६ डॉलर २६ सेंट, खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक १ डॉलर ३९ सेंट. हा आकडा क्रीडा-इतिहासात बहुधा गमतीने उद्धृत केला जातो. वस्तुतः तो गमतीचा नाही. एकही सामना न हरता, देशभर ख्याती मिळवून, अध्यक्षांची भेट घेऊन आणि दोन्ही किनारे पालथे घालूनही हाती जवळजवळ काहीच उरले नाही. तर मग संघ हरू लागल्यावर काय होणार, हा प्रश्न त्या ताळेबंदातच दडलेला होता.

१८७० : पहिला पराभव

१४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या कॅपिटोलाइन मैदानावर अटलांटिक संघाशी सामना झाला. पन्नास सेंट प्रवेशशुल्क असूनही हजारो प्रेक्षक जमले होते. नऊ डावांनंतर ५–५ अशी बरोबरी होती. अटलांटिकचे खेळाडू बरोबरी मान्य करून निघण्याच्या तयारीत होते. हॅरी राइट यांनी मात्र नियमानुसार सामना पुढे खेळवला जावा असा आग्रह धरला. नियमांचे जाणकार आणि त्या काळातील सर्वांत प्रतिष्ठित बेसबॉल-पत्रकार हेन्री चॅडविक यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. अकराव्या डावात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या आणि अटलांटिकने तीन. ८–७ असा पराभव झाला. चॅम्पियन यांनी त्याच रात्री घरी तार करून, हरलो तरी मान खाली घालण्याचे कारण नाही, असे कळविले.

बरोबरी स्वीकारली असती तर अपराजित मालिका त्या दिवशी तरी टिकली असती. राइट यांनी ती पणाला लावली, यात त्यांच्या स्वभावाचा मोठेपणा आहे. मात्र क्लबच्या दृष्टीने ती मालिका हेच एकमेव भांडवल होते. त्यानंतर आणखी काही सामने गमावले गेले आणि घरच्या मैदानावरील गर्दी ओसरली. ऑगस्टमध्ये चॅम्पियन यांनी अध्यक्षपद सोडले. पुढील हंगामासाठी खेळाडूंच्या वेतनाच्या अपेक्षा वाढलेल्या होत्या. नोव्हेंबर १८७० मध्ये नवे अध्यक्ष बॉन्ट यांनी सभासदांना परिपत्रकाद्वारे कळविले की, गेल्या दोन वर्षांचा अनुभव पाहता इतके वेतन देऊन संघ चालविणे परवडणारे नाही, सबब क्लब १८७१ साठी व्यावसायिक संघ नेमणार नाही. क्लब पुन्हा हौशी झाला. १८७२ मध्ये मैदानावरील लाकडी बांधकाम मोडून विकण्यात आले आणि विजयाची स्मृतिचिन्हे म्हणून जपलेले सामन्यांचे चेंडूही लिलावात गेले.

आजचा सिनसिनाटी रेड्स हा संघ या क्लबचा थेट वारस नाही, हे येथेच नमूद करावे लागेल. त्याची परंपरा १८८२ मध्ये खेळू लागलेल्या दुसऱ्या संघटनेपासून सुरू होते. नावाचा वारसा मात्र प्रथम दुसऱ्याच शहरात गेला.

बोस्टन आणि त्यापुढे

जानेवारी १८७१ मध्ये बोस्टन येथे नवा व्यावसायिक क्लब स्थापन झाला. त्याने हॅरी राइट यांना पाचारण केले. त्यांच्याबरोबर जॉर्ज राइट, गूल्ड आणि मॅकव्हे हे तिघे गेले आणि ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नावही गेले. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी वॉशिंग्टनच्या ऑलिम्पिक संघाचा रस्ता धरला. मार्च १८७१ मध्ये व्यावसायिक क्लबांची स्वतंत्र संघटना न्यूयॉर्क येथे स्थापन झाली आणि १८७२ ते १८७५ अशी सलग चार वर्षे तिचे अजिंक्यपद बोस्टनने मिळवले. बोस्टनच्या याच क्लबची अखंड परंपरा पुढे मिलवॉकीमार्गे आजच्या अटलांटा ब्रेव्ह्ज संघापर्यंत पोहोचते.

१८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली. तिच्या नावातील बदल सूचक आहे. १८५७ ची व १८७१ ची संघटना ही ‘प्लेयर्स’ची, म्हणजे खेळाडूंची होती. १८७६ ची लीग ‘क्लब्ज’ची होती. सत्ता आता मैदानावरून कार्यालयात गेली होती आणि कार्यालयासमोर तोच जुना प्रश्न उभा होता, जो १ डॉलर ३९ सेंटच्या शिलकीने उभा केला होता. प्रवास, मैदान, छपाई यांचे खर्च फारसे कमी होण्यासारखे नव्हते. कमी करता येण्याजोगी मोठी बाब एकच होती, ती म्हणजे वेतन. वेतन गुप्त असताना क्लबांना ते एकत्र बसून आवरता येत नव्हते. ते उघड व लेखी झाल्यामुळे तेही शक्य झाले.

सप्टेंबर १८७९ मध्ये बफेलो येथील बैठकीत लीगच्या क्लबांनी आपसांत करार केला. प्रत्येक क्लबने आपले पाच खेळाडू पुढील हंगामासाठी राखून ठेवायचे आणि इतर कोणत्याही क्लबने त्यांना घ्यायचे नाही. ‘रिझर्व्ह क्लॉज’ या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेल्या बंधनाचा हा आरंभ होय. आरंभी पाच खेळाडूंपुरते असलेले हे बंधन हळूहळू संपूर्ण संघावर लागू झाले. १८८५ मध्ये जॉन माँटगोमेरी वॉर्ड यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी आपली संघटना बांधली आणि १८९० मध्ये स्वतंत्र लीगही चालवून पाहिली, परंतु ती एका हंगामापलीकडे टिकली नाही. हे बंधन मोडण्यासाठी १९७५ च्या डिसेंबरमधील लवादाच्या निर्णयापर्यंत वाट पाहावी लागली.

१८७९ च्या या निर्णयामागील प्रमुख प्रेरणा बोस्टन क्लबचे अध्यक्ष आर्थर सोडेन यांची मानली जाते. त्या वर्षी बोस्टन सोडून दोन नामवंत खेळाडू प्रॉव्हिडन्स संघात गेले होते आणि प्रॉव्हिडन्सने अजिंक्यपद पटकावले होते. त्या दोघांपैकी एक, प्रॉव्हिडन्सचा कर्णधार व व्यवस्थापक, जॉर्ज राइट होता. १८८० साठी प्रॉव्हिडन्सने त्याला राखून ठेवले. त्याला त्या अटींवर खेळायचे नव्हते आणि अन्यत्र नियमितपणे खेळण्याची मुभा नव्हती. १८६९ च्या वेतनपत्रकात सर्वांत वरचा, १४०० डॉलरचा मानकरी असलेला हा खेळाडू नव्या बंधनात अडकणाऱ्या पहिल्या खेळाडूंपैकी एक ठरला. त्या वर्षी लीगमध्ये तो केवळ एक सामना खेळला. क्रीडासाहित्य विकणाऱ्या राइट अँड डिट्सन या पेढीत त्याची भागीदारी असल्याने त्याला दुकानात बसून दिवस काढणे शक्य झाले. टोप्या बनविणाऱ्या किंवा संगमरवर कापणाऱ्या त्याच्या जुन्या सहकाऱ्यांपाशी अशी पेढी नव्हती. १८८२ मध्ये हॅरी राइट प्रॉव्हिडन्सचे व्यवस्थापक झाले, तेव्हा जॉर्ज अखेरच्या हंगामासाठी त्याच संघात परतला.